कुंडी आधी हलवून बघा

डहाणूहून तलासरीला घर हलवलं त्याला आता वर्ष होईल. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. फ्रिज नीट पोचला, काचेचं कपाट पोचलं, लोणच्याची बरणीसुद्धा न सांडता पोचली. नुकसान झालं ते झाडांचं. चार गोष्टी आधी कळल्या असत्या तर त्यातलं बरंचसं टळलं असतं. म्हणून जे झालं ते सांगते.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. बदली तलासरी तालुक्यात झाली. रोज जाऊन-येऊन करून बघितलं, दोन महिन्यांत कंबर धरली. मग तलासरीतच भाड्याचं घर बघितलं. डहाणूत आम्ही मसोलीला ११ वर्षं राहत होतो. घर लहान, पण मागे परस होतं आणि घरमालकीण झाडांना कधी नाही म्हणाली नाही. निघायच्या आधी कुंड्या मोजल्या तर ४३ भरल्या. नवरा एवढंच म्हणाला, "भांडी मोजलीस का?" मोजली नव्हती.

लहान कुंड्यांची काळजी नव्हती. मोगरा, गवती चहा, कोरफड, तुळस हे सगळं फळांच्या क्रेटमध्ये बसतं. डहाणूत चिकूचे क्रेट कुठेही मिळतात. प्रश्न उंच झाडांचा होता. सात फुटांचा अरेका पाम, सहा फुटांचं रबराचं झाड, पाच फुटांचा कढीपत्ता, तेवढाच पारिजातक, आणि सगळ्यांत मोठा सोनचाफा. चाफा नऊ फुटांचा, सिमेंटच्या दीड फुटी कुंडीत. कलम घेतलं तेव्हा माझ्या गुडघ्याएवढं होतं.

घरमालकिणीने ३१ मेपर्यंत मुदत दिली होती. आम्ही दोन फेऱ्या करायचं ठरवलं. पहिली ५ मेला, मोठ्या सामानाची. छोटा हत्ती सांगितला. सामान भरून झाल्यावर मागे फाळक्याजवळ थोडी जागा उरली. मी म्हटलं, एवढी रिकामी कशाला न्यायची? दोन-तीन झाडं जातील. सगळी चूक इथून सुरू झाली. उरलेल्या जागेत झाडं न्यायची नसतात.

पाम आणि रबर फरशीवर होते, ते सहज उचलले. कढीपत्त्याची कुंडी मात्र मातीत ठेवलेली होती. ती हलेना. नवऱ्याने दोन्ही हातांनी धरून ओढली, तरी नाही. टेम्पोवाला मदतीला आला. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा खालून कट असा आवाज आला आणि कुंडी सुटली. उलटून बघितलं तर बुडाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर आलेलं होतं आणि तुटलं होतं. भुईत खड्ड्यात त्याचं दुसरं टोक दिसत होतं, आत पांढरं. मी बघितलं आणि काही बोलले नाही. टेम्पो उभा होता, अकरा वाजत आले होते.

तिन्ही झाडं उभी ठेवली आणि फाळक्याला नायलॉनच्या दोरीने बांधली. मोगऱ्याची एक कुंडी त्यांच्या मधे सरकवली. मला वाटलं झाड उभं असतं, तसं उभंच न्यायला हवं.

डहाणू ते चारोटी रस्त्यावर वळणं आहेत, बाजूच्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या. आशागड मागे पडलं तेव्हाच एका फांदीने पामचा एक झाप ओढून नेला. आम्ही मागून मोटरसायकलवर होतो, तो झाप रस्त्यावर पडलेला दिसला. चारोटीला महामार्ग लागला. तिथून तलासरीपर्यंत गाडी साठच्या पुढे धावत होती. टेम्पोवाल्याची चूक नाही, मीच त्याला हळू चालव असं सांगितलं नव्हतं. शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याचा तडाखा बसायचा आणि पाम पूर्ण वाकायचा, परत उभा राहायचा, परत वाकायचा.

मी मुलांना शिकवते, वारा म्हणजे हलणारी हवा. त्यापुढचा भाग त्या दिवशी कळला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे तिशीने जाणाऱ्या गाडीत झाडाला जो मार बसतो, त्याच्या चौपट साठीला बसतो. त्यात मे महिन्यातली दुपार. गरम वारा पानातलं पाणी भराभर ओढून घेतो आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत.

तलासरीला उतरवलं तेव्हा पामचे झाप कडेने फाटून झिरमिळ्या झाले होते. रबराचा शेंडा, जिथे लाल कोंब असतो, तिथून मोडला होता आणि पांढरा चीक खोडावरून ओघळून वाळला होता. नायलॉनची दोरी खोडात रुतून साल निघाली होती. कढीपत्ता संध्याकाळपर्यंत मान टाकून बसला. आठ दिवसांत वाळला. मी रोज पाणी घालत होते, त्याचा उपयोग नव्हता. पाणी प्यायचं मूळच आम्ही डहाणूला ठेवून आलो होतो.

दुसऱ्या फेरीला साडेतीन आठवडे होते. परत मसोलीला गेले आणि पहिल्यांदा एकेक कुंडी हलवून बघितली. पारिजातक हलला. चाफा हलला नाही. खाली वाकून बघितलं तर भोकांतून दोन मुळं थेट जमिनीत गेली होती. एक बोटाएवढं, एक मनगटापेक्षा थोडं बारीक. तेव्हा कळलं की हा चाफा एवढा का वाढला. दीड फुटाच्या कुंडीत नऊ फूट झाड होत नाही. तो कुंडीत राहत होता आणि जेवत होता खाली जमिनीत.

आमच्या जुन्या घराजवळ एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर नर्सरीत चिकूची कलमं बांधली. डहाणूत चिकूच्या वाड्या गावोगाव आहेत, डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती कलमं कोण बांधतं हे आपण विचारत नाही. मी त्यांना घरी बोलावून चाफा दाखवला. ते खाली बसले, कुंडीच्या बुडाशी हात घालून बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे कापायला लागेल. पण एका दिवसात नाही."

मग त्यांनी कलमाचं उदाहरण दिलं. चिकूचं कलम रायणीच्या रोपावर करतात. रायणीचं रोप चिकूच्या झाडापाशी मांडवावर नेऊन ठेवायचं, रोपाची आणि चिकूच्या फांदीची साल थोडी तासायची आणि दोन्ही एकमेकांना घट्ट बांधायची. हे भेट कलम. दोन-तीन महिने गेले की जोड धरतो. त्यानंतर चिकूची फांदी आईपासून सोडवायची. "पण एकदम तोडली तर मरते," काका म्हणाले. "आधी अर्धा काप द्यायचा. दहा-पंधरा दिवस बघायचं. ती रायणीवर जगायला शिकली की मग पुरती कापायची. तुमच्या चाफ्याला पण तसंच करा."

तसंच केलं. ७ मेला कुंडी पहारीने थोडी तिरकी केली, खाली दोन विटा सरकवल्या. बारीक मूळ छाटणीच्या कात्रीने पूर्ण कापलं. जाड मुळाला करवतीने अर्धा काप दिला. त्याच दिवशी वरच्या आतल्या बाजूच्या, एकमेकींवर चढलेल्या काही फांद्या काढल्या. मुळं कमी झाली तर पानंही कमी करावी लागतात, हा हिशेब त्यांनी सांगितला. फांद्या कापताना मला वाईट वाटलं, म्हणून मी ठरलं होतं त्यापेक्षा कमीच कापल्या. चार दिवसांनी खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून काकांना बोलावलं. ते म्हणाले, "तुम्ही नाही काढली, त्यानं काढली."

१७ मेला जाड मूळ पूर्ण कापलं आणि कुंडीखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला, म्हणजे नवी मुळं परत जमिनीत जाणार नाहीत. आता चाफा खऱ्या अर्थाने कुंडीत आला. त्यामुळे पाणी रोज बघावं लागलं. आधी दोन दिवस विसरले तरी त्याला फरक पडत नसे. आता एक दिवस चुकला तरी पानं लोंबायची. त्या बारा दिवसांत मी तलासरीहून दिवसाआड डहाणूला गेले. एका झाडासाठी एवढ्या खेपा घालते आहे हे शाळेत कोणाला सांगितलं नाही.

दरम्यान ४३ मधल्या १९ कुंड्या देऊन टाकल्या. आधीच द्यायला हव्या होत्या. क्रोटन, शेवंती, जास्वंदीच्या तीन, हे सगळं फांदीवरून पुन्हा होतं. शेजारणींना दिल्या, दोन घरमालकिणीला ठेवल्या. क्रोटनच्या आणि जास्वंदीच्या फांद्या तेवढ्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या.

दुसरी फेरी २९ मेला ठरवली. या वेळी फक्त झाडं, दुसरं काही नाही. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांचा, त्यात नऊ फुटांचा चाफा आडवा मावत नाही. म्हणून पिकअप सांगितली, तिचा हौदा लांब असतो. भाडं ३,५०० रुपये ठरलं, पहिल्या फेरीला २,२०० दिले होते. चढवायला-उतरवायला माणसांचे आणखी ८००. एवढ्यात नवी झाडं आली असती हे नवऱ्याने एकदाच सांगितलं आणि मग साड्या फाडायला बसला.

तयारी आम्ही अशी केली.

दोन दिवस आधी सगळ्या कुंड्यांना पोटभर पाणी घातलं. निघायच्या दिवशी अजिबात नाही. ओल्या मातीचं वजन खूप वाढतं आणि चिखल झालेल्या मातीत खोड डुलून मुळं सुटतात. पण माती पार कोरडी असली तरी ढेकूळ फुटतं. दोन दिवसांपूर्वीचा ओलावा बरोबर असतो.

मातीवर ओल्या वर्तमानपत्राचे चार थर दाबून बसवले आणि त्यावरून गोणपाट घालून कुंडीच्या गळ्याशी सुतळीने आवळलं. कुंडी आडवी केली तरी माती सांडली नाही. सुतळी कुंडीला बांधायची, खोडाला नाही.

खोड आणि फांद्यांना जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या. ही पद्धत काकांनी दाखवली. बुंध्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल वर जात फांद्या हळूहळू वर उचलून खोडाकडे घ्यायच्या, छत्री मिटतो तशा. वरून खाली गुंडाळलं की फांद्या मोडतात. चाफ्याला तीन साड्या लागल्या. शेवटी तो नऊ फुटांचा बांधलेला गठ्ठा दिसत होता. पारिजातकाची फांदी कडक, फार वाकत नाही. ती जेवढी येईल तेवढीच घेतली. तरी एक मोडली.

प्रत्येक कुंडीवर खडूने बाण काढला, उन्हाची बाजू कोणती ते कळायला. नव्या जागी तीच बाजू उजेडाकडे ठेवायची. हे मुलीने केलं. तिने प्रत्येक बाणाखाली झाडाचं नावही लिहिलं, त्यात "ओवा" ऐवजी "ओला" झालं होतं. ते अजून तसंच आहे.

पहाटे साडेचारला गाडी भरायला घेतली. हौद्यात खाली भाताचा पेंढा पसरला, त्यावर जुनी गादी. चाफा चार जणांनी उचलला. कुंडीला धरून उचलायचं, खोडाला हात लावायचा नाही, हे मी दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा एक जण म्हणाला, "बाई, तुमी चा घ्या जाऊन."

झाड आडवं ठेवताना कुंडी केबिनच्या बाजूला आणि शेंडा मागे. मी उलट ठेवायला निघाले होते. चालकानेच थांबवलं. तो नर्सरीचा माल नेणारा होता. गाडी पुढे जाते तेव्हा वारा समोरून येतो. बुंधा पुढे असला की वारा पानांवरून शेंड्याकडे सरकतो, मांजराच्या अंगावरून केसांच्या दिशेने हात फिरवावा तसा. शेंडा पुढे असला की तोच वारा पानात शिरून ती उलटी करतो. खोडाखाली, कुंडीपासून साधारण हातभर अंतरावर, एक उशी दिली म्हणजे सगळा भार फांद्यांवर येत नाही. कुंड्यांच्या मधे पेंढा भरलेली पोती ठासली. पारिजातक आणि उरलेली उंच झाडं चाफ्याच्या बाजूने त्याच दिशेला. लहान कुंड्यांचे क्रेट मागे, फाळक्याला टेकून.

वरून ताडपत्री घालायचा माझा विचार होता. चालक म्हणाला, ताडपत्री फडफडून पानं झोडते आणि ऊन चढलं की आत भट्टी होते. त्याने हिरवी नेट आणली होती. ती घातली आणि चारही बाजूंनी आवळली. शेंडा फाळक्याच्या थोडा बाहेर येत होता, त्याला लाल फडकं बांधलं.

पावणेसहाला निघालो. मी केबिनमध्ये बसले. चाळीसच्या वर जाऊ नका म्हटलं. तो ठीक म्हणाला, आणि खरंच गेला नाही. गंजाडपर्यंत रस्ता मोकळा होता. एक गडबड झाली. चाफ्यात लाल मुंग्यांचं घर होतं, पानं एकमेकांना शिवून करतात ते. साडी गुंडाळताना मला ते दिसलं नाही. बंद झालेल्या मुंग्या दोरीवरून केबिनच्या मागच्या खिडकीतून आत आल्या आणि चालकाच्या मानेला लागल्या. त्याने गाडी बाजूला घेतली, शर्ट काढून झटकला आणि काही वेळ माझ्याकडे बघितलं नाही. चारोटीला त्याला चहा आणि वडापाव मी दिला. झाड बांधायच्या आधी पानं उलटून बघा, एवढंच सांगते.

चारोटीला नेटखाली हात घालून सगळ्या कुंड्या तपासल्या. एक पोतं सरकलं होतं, ते परत ठासलं. पुढे महालक्ष्मीचा डोंगर मागे टाकून धुंदलवाडी, दापचरी करत साडेसातच्या आत तलासरीला पोचलो. ऊन तापायच्या आधी.

उतरवताना जाड फळी तिरकी लावून कुंडी गोणपाटावरून घसरवली. दारातून आत नेतानाही कुंडी पुढे, शेंडा मागे, आडवंच. पारिजातक सोडून बाकी झाडांच्या पट्ट्या लगेच सोडल्या. पट्ट्या सोडायला उशीर केला तर आतली पानं काळी पडतात, हे पारिजातकाने शिकवलं. त्याला मी जेवण झाल्यावर सोडलं.

चाफा मी दाराशेजारी ठेवणार होते. आत-बाहेर करताना वास येईल म्हणून. शेजारची आजी अंगणात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दाराशी नको ठेवू बाय. रातचं पळायला वाट नाय राहायची."

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. सगळ्यांत जास्त धुंदलवाडीच्या बाजूला. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला होता. त्या थंडीत या भागातली माणसं घराबाहेर तंबूत झोपत होती. मी तेव्हा डहाणूत होते, आम्हालाही हादरे जाणवायचे, पण आम्ही घरात झोपायचो. आजी अंगणात झोपलेली होती. तिच्या डोक्यात दार म्हणजे पळायची वाट. मी त्याच धुंदलवाडीवरून तासाभरापूर्वी झाडं घेऊन आले होते आणि माझ्या मनात ते आलंही नव्हतं.

चाफा अंगणाच्या कोपऱ्यात गेला, दारापासून दूर, भिंतीच्या आडोशाला. खिडकीच्या कठड्यावर मांडलेल्या कुंड्याही खाली घेतल्या. जुलैत एका रात्री हललं. बातमीत यावं इतकं नव्हतं. भांडी वाजली आणि पत्रा थरथरला. आम्ही तिघंही बाहेर आलो, दारात काही आडवं नव्हतं. उंच पाम घरात कोपऱ्यात होता, तो तिरका होऊन भिंतीला टेकला. दुसऱ्या दिवशी त्याला लहान प्लास्टिकच्या कुंडीतून काढून रुंद बुडाच्या जड कुंडीत लावला. उंच झाड आणि अरुंद कुंडी ही जोडी या भागात नकोच.

पोचल्यानंतरचे पंधरा दिवस प्रवासापेक्षा अवघड गेले. डहाणूला समुद्राचा वारा असतो. तलासरी आत आहे, दुपारचं ऊन अंगावर येतं. सगळी झाडं पहिले दहा दिवस सावलीत ठेवली, मग रोज थोडं सकाळचं ऊन. खत नाही, कुंडी बदलणं नाही. चाफ्याची निम्मी पानं गेली. रबराची तर सगळीच गळत होती. पानं गळतात म्हणजे तहान लागली असेल असं वाटतं. मी रबराला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तेरा दिवसांनी कुंडीतून कुबट वास आला, मुळं सडली होती. जागा आणि उजेड बदलला की या जातीची झाडं पानं टाकतात. त्याला पाणी नको असतं, त्याला एकटं सोडायचं असतं. पाणी घालायच्या आधी बोट मातीत खुपसून बघायचं, वरचं बोटाचं एक पेर कोरडं लागलं तरच घालायचं. हे मला माहीत होतं. तरी मी घातलं, कारण काहीतरी करावंसं वाटत होतं.

हिशेब असा. ४३ पैकी १९ दिल्या, २४ नेल्या. त्यातल्या तीन गेल्या, कढीपत्ता, रबर आणि एक मोगरा, ज्याची मातीची कुंडी पहिल्या फेरीत चिरली होती आणि मला ते उशिरा दिसलं. तिन्ही पहिल्या फेरीतली. दुसऱ्या फेरीतलं एकही झाड गेलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर चाफ्याला बारीक पोपटी कोंब आले. फुलं त्या वर्षी आली नाहीत.

ऑगस्टमध्ये अनामत परत घ्यायला मसोलीला गेले. घरमालकिणीने परसात नेलं. कढीपत्त्याची कुंडी जिथे होती तिथे जमिनीतून वीतभर दोन कोंब आले होते. आम्ही हिसका देऊन तोडलेल्या मुळातून. ती म्हणाली, घेऊन जायचा तर खणून देते. मी नको म्हटलं. तिने आमटीसाठी त्याची पानं तोडायला सुरुवातही केली होती.

आता एक सवय लावून घेतली आहे. भाड्याच्या घरात राहतो, परत कधी हलावं लागेल सांगता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं दिलं की मी अंगणात जाते आणि प्रत्येक कुंडी जागच्या जागी एकदा हलवून थोडी फिरवून ठेवते. चाफा एकटीला हलत नाही. त्याला नवरा लागतो. मागच्या महिन्यात फिरवला तेव्हा कुंडीखालच्या फरशीच्या कडेवरून एक पांढरं मूळ खाली मातीकडे वळलेलं दिसलं, दोऱ्याएवढं. कात्री आणून तेवढ्यातच कापलं.